पुसलेल्या नोंदींची जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या त्या जुन्या टेबलातल्या निम्म्या नोंदी काढून टाकल्या, तरी डिस्कवरची फाइल तसूभरही लहान झाली नाही, हे तुझ्या पत्रात वाचले. डिलीटची आज्ञाच चुकली असावी अशी शंका तुला आली आहे. ती चुकलेली नाही. फाइल आतून कशी मांडलेली असते ते नजरेसमोर आले की हे उलगडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेबलाच्या फाइलीची प्रत्येकी ८१९२ बाइटांची पाने पाडलेली असतात, आणि एकच नोंद वाचायची झाली तरी अख्खे पान मेमरीत आणावे लागते. शाळेत आपण एकच वही पुढून मराठीला आणि उलटी धरून मागून गणिताला वापरायचो, ते आठवते का? हे पान तसेच भरते. आरंभी २४ बाइटांचे शीर्षक, त्याला लागून प्रत्येक नोंदीसाठी, ती पानात कुठे आहे ते सांगणारा ४ बाइटांचा एक निर्देशक, आणि प्रत्यक्ष नोंदी मात्र पानाच्या शेवटाकडून पुढे सरकत येतात. मधली मोकळी जागा दोन्हीकडून आक्रसते. ती संपली की पान भरले.

या रचनेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निर्देशक. इंडेक्समध्ये, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीत, नोंदीचा नेमका बाइट लिहिलेला नसतो, तर अमुक पान आणि त्यातला तमुक निर्देशक एवढाच पत्ता असतो. त्यामुळे पानातल्या पानात नोंदी सरकवून विखुरलेली जागा एकत्र केली, तरी बदलतो तो केवळ निर्देशक, आणि टेबलावर कितीही इंडेक्स असले तरी एकालाही हात लावावा लागत नाही.

आता तुझा प्रश्न. नोंद डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही. ती काढणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा (म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या कामाचा) क्रमांक तिच्या माथ्यावर लिहिला जातो, इतकेच. कारण आधीच सुरू झालेली एखादी लांबलचक क्वेरी अजून तीच नोंद वाचत असू शकते, आणि तिला ती दिसलीच पाहिजे. अपडेटमध्येही जुनी प्रत राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते. ज्या प्रतींची कुणालाच गरज उरली नाही, त्या नंतर व्हॅक्यूम हा पोस्टग्रेसचा सफाई करणारा भाग शोधतो आणि ती जागा पुढच्या नोंदींसाठी मोकळी म्हणून नोंदवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र तो फाइलीच्या अगदी शेवटी पूर्ण रिकामी झालेली पानेच परत करू शकतो. तुझ्या उरलेल्या नोंदी सगळ्या पानांत विखुरलेल्या असणार, म्हणून फाइल तेवढीच राहिली.

व्हॅक्यूम फुल चालवलास तर टेबल नव्या फाइलीत दाटून लिहिले जाईल, पण त्यासाठी डिस्कवर त्या प्रतीपुरती जागा लागेल आणि काम संपेपर्यंत ते टेबल कुणाला वाचताही येणार नाही. त्यात पुन्हा नोंदी येणारच असतील, तर ते करू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेबल नव्याने बांधायचेच ठरले, तर कॉलमांचा क्रम मात्र जरूर पाहा. बूलियन (हो किंवा नाही, १ बाइट), बिगइंट (मोठी पूर्ण संख्या, ८ बाइट), बूलियन, बिगइंट असा क्रम ठेवला तर प्रत्येक बिगइंट ८ च्या पटीत बसवण्यासाठी मध्ये बाइट वाया जातात आणि पानात १३६ नोंदी मावतात. दोन्ही बिगइंट आधी घेतले तर १५७. तुझ्या टेबलाची रचना पाठव, मी क्रम लावून देतो.

तुझाच,
मित्र