हप्त्याची तारीख सरकार बनण्याची वाट पाहत नाही

मा. संपादक यांस,
स. न.

कोणत्याच पक्षाला बहुमत न मिळाल्यास उद्योगांचं काय होतं, यावरची चर्चा आपल्या अंकात वाचली. शेअर बाजार, रुपया, परकीय गुंतवणूक असं सगळं तिच्यात आलं. दूरसंचार क्षेत्र मात्र ‘काही काळ अनिश्चितता राहील’ एवढ्यावर आटोपलं. नव्वदच्या दशकात मी एका बँकेच्या प्रकल्प कर्ज विभागात होते आणि मोबाइल कंपन्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जात. त्यामुळे हा ‘काही काळ’ म्हणजे नेमकं काय, हे सांगावंसं वाटलं.

बाकीच्या धंद्यांचा कच्चा माल बाजारात मिळतो. दूरसंचाराचा कच्चा माल सरकारकडे: परवाना, तरंगलहरी (म्हणजेच स्पेक्ट्रम), मनोरे उभारायच्या परवानग्या. त्यात त्या काळी परवाना देणारं दूरसंचार खातंच, धोरण ठरवणारं तेच, आणि लँडलाइनची सेवा विकणारंही तेच. मोबाइलवरचा बहुतेक कॉल शेवटी त्याच खात्याच्या जाळ्यात उतरायचा. अशा धंद्यात दिल्लीत सही करणारा माणूस जागेवर नसणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आता तारखा पाहा. महानगरांबाहेरच्या मोबाइल परवान्यांवर सह्या होऊ लागल्या १९९५च्या अखेरीस. मुदत दहा वर्षांची, शुल्क ठरावीक आणि दरवर्षी चढतं. ग्राहक एक मिळो की लाख, हप्ता तोच. चार-पाच महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली: भाजप १६१, काँग्रेस १४०. वाजपेयींचं सरकार तेरा दिवस टिकलं. मग देवेगौडा, मग गुजराल, मग पुन्हा वाजपेयी. मे १९९६ ते मार्च १९९८ या काळात पंतप्रधानपदाची शपथ चार वेळा झाली. मधल्या काळात ज्यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीत हे परवाने निघाले, त्या सुखराम यांच्या घरांवर सीबीआयचे छापे पडून कोट्यवधींची रोकड सापडली. त्यानंतर कोणता अधिकारी दूरसंचाराच्या फायलीवर हौसेने शेरा मारणार होता?

नियामक तरी असता! परवाने आधी वाटले गेले आणि ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, अस्तित्वात आलं २० फेब्रुवारी १९९७ रोजी. खेळ सुरू झाल्यावर पंच मैदानात उतरले.

बँकेच्या बाजूने हे कसं दिसायचं? कर्जाच्या टिपणात जोखमींचा एक तक्ता असतो. डावीकडे जोखीम, उजवीकडे तिच्यावरचा उपाय. ‘सरकारी धोरण’ या रकान्यासमोर ‘नवे सरकार स्थिर झाल्यावर स्पष्टता अपेक्षित’ असं लिहिलं जाई. पुढच्या आढाव्याला तेच वाक्य, फक्त वर मंत्र्याचं नाव बदललेलं. कर्ज समितीतले एक वरिष्ठ दरवेळी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारत आणि काही न बोलता पान उलटत. आमची खरी अडचण तारणाची होती. कंपनी बुडाली तर परवाना आमच्याकडे येणार का, दुसऱ्या कंपनीला देता येणार का, हे दूरसंचार खात्याने लिहून द्यायला हवं होतं. ते मिळेस्तोवर कर्जवाटप रखडायचं. कर्ज नाही म्हणून मनोरे नाहीत, मनोरे नाहीत म्हणून ग्राहक नाहीत. हप्त्याची तारीख मात्र ठरल्याप्रमाणे यायची आणि कंपनीच्या वतीने सरकारला दिलेली हमी वटवली जाण्याची टांगती तलवार बँकेवर. गिऱ्हाइकाला त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत मोजावे लागत आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. कंपन्यांनी बोली फुगवून लावल्या हे खरंच, त्यांची कणव मला तेव्हाही नव्हती. पण चूक सुधारायची म्हटली तरी समोर कुणीतरी लागतं ना!

सुधारणा झाली तीही गमतीशीर वेळी. नवं धोरण १ एप्रिल १९९९ पासून लागू झालं आणि तीन आठवड्यांच्या आत, १७ एप्रिलला, सरकार एका मताने पडलं. ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा घेण्याला दूरसंचार मंत्री जगमोहन यांचा विरोध होता. जूनमध्ये त्यांचं खातं बदललं आणि दूरसंचार वाजपेयींनी स्वतःकडे घेतलं. जुलैत काळजीवाहू सरकारनेच महसुलातल्या वाट्याची ती सवलत दिली. मतदान तोंडावर असताना एवढा मोठा आर्थिक निर्णय घ्यायचा अधिकार आहे का, यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्या मते ती आक्षेपाची बाजू पोकळ नव्हती. पण त्याच निर्णयामुळे आमच्या फायली हलल्या, हेही तितकंच खरं.

मात्र ‘म्हणून बहुमताचं सरकार हवं’ एवढाच निष्कर्ष आपल्या चर्चेत निघाला, तो मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात २०१० साली दोन्ही बाजू ७२-७२ जागांवर अडकल्या. सतरा दिवस देशव्यापी ब्रॉडबँडचा ४३ अब्ज डॉलरचा प्रकल्प अधांतरी होता. शेवटी ग्रामीण भागातल्या दोन अपक्षांनी मजूर पक्षाला पाठिंबा दिला, त्यामागे हा प्रकल्प हे एक मोठं कारण होतं. म्हणजे त्रिशंकू संसदेने तो वाचवला. घरोघर फायबर नेण्याचा बेत बदलला तो २०१३ मध्ये स्पष्ट बहुमत घेऊन आलेल्या सरकारने.

आपल्याकडेही २०२४ मध्ये भाजप २४० वर थांबला. तरी स्पेक्ट्रमचा लिलाव २५ जूनला सुरू झाला, कारण त्याची प्रक्रिया निकालाच्या आधीच मार्गी लागलेली होती. तारीख दोनदा पुढे गेली, पण फाइल कुणाच्या शपथविधीसाठी अडली नाही. १९९६ मध्ये कमी पडलं ते हेच. उलट ट्रायचं अध्यक्षपद १ ऑक्टोबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत रिकामं होतं, तेव्हा केंद्रात भक्कम बहुमत होतं. त्या चार महिन्यांत ‘दूरसंचारात अनिश्चितता’ असा मथळा मला कुठे दिसला नाही, आपल्या अंकातही नाही.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी