सूचना: टीम लीडर व विभागप्रमुखांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या काही बैठकांत एक गोष्ट खटकली, म्हणून लिहितो आहे. कुणी बोलायला लागलं की आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो हो, कळलं' म्हणून मोकळे होतो. (यात मीही आलोच.) पुढच्या वेळी तो माणूस तोंडच उघडत नाही आणि चूक वेळेत आपल्या कानावर येत नाही.

तेव्हा चूक दाखवायची ती बाजूला घेऊन. ग्रुपवर सगळ्यांदेखत झापायचं नाही. बोलायचं ते कामाबद्दल. 'तुला काही जमत नाही' असं नको, 'तक्त्यातली तिसरी ओळ जुळत नाही' एवढंच पुरे. आवाज चढलाच, तर ज्यांच्यासमोर चढला त्यांच्यासमोरच, त्याच दिवशी माफी मागा.

छळ किंवा धमकी हा मात्र निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 साली 190 क्रमांकाचा करार त्यासाठीच केला. अशी तक्रार आली तर 'आपसात मिटवा' म्हणू नका, थेट तक्रार समितीकडे द्या.

पुढच्या बैठकीला फोन दाराजवळच्या टेबलावर ठेवायचे आहेत, माझाही.