यहुदी विधींची उसनवारी थांबावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात काही चर्चमध्ये, विशेषतः स्वतंत्र प्रार्थनामंडळींमध्ये, हल्ली यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा ‘सेदर’, म्हणजे घरातले विधिवत जेवण, मांडला जातो. प्रार्थनेच्या वेळी शोफार हे शिंग फुंकतात, पाळक खांद्यावर तल्लीत ही प्रार्थनेची शाल घेतात, कुठे दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनांची छोटी डबीही दिसते. अमेरिकेत हे बरीच वर्षे चालू आहे. मोबाइलवरच्या प्रवचनांमधून ते आता आपल्याकडेही आले आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला आहे, ठाण्यात राहतो. देशभरात आम्ही यहुदी पाच हजारसुद्धा उरलेलो नाही. शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून आमच्यातले बहुतेक जण या विषयावर गप्प बसतात. तरी कोणीतरी हे लिहायला हवे, म्हणून हे पत्र.

तल्लीत म्हणजे नुसती शाल नव्हे. तिच्या चार कोपऱ्यांचे गोंडे परमेश्वराच्या आज्ञांची आठवण म्हणून असतात आणि त्या आज्ञा पाळायचे ओझे पांघरणाऱ्यावर असते. माझ्या वडिलांना त्यांच्याच तल्लीतमध्ये गुंडाळून दफन केले. त्याआधी एका कोपऱ्याचा गोंडा कापला, कारण गेलेल्या माणसावर आज्ञांचे बंधन उरत नाही. ज्यांनी ते बंधन कधी स्वीकारलेले नाही, स्वीकारायची इच्छाही नाही, त्यांनी ती शाल व्यासपीठावर मिरवावी हे मला बघवत नाही.

शोफारचेही तेच. मेंढ्याचे हे शिंग आम्ही पश्चात्तापाच्या दिवसांत फुंकतो. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, त्याचे शंभर नाद होतात आणि तो दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आला तर त्या दिवशी शोफार वाजत नाही. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनमध्ये हेच शिंग निवडणुकीचा निकाल उलटवा म्हणणाऱ्या ख्रिस्ती मेळाव्यात फुंकले गेले. जानेवारी २०१२ मध्ये अटलांटाजवळच्या एका मोठ्या चर्चमध्ये तर बिशप एडी लाँग यांना टोराच्या, म्हणजे आमच्या पवित्र नियमशास्त्राच्या, गुंडाळीत लपेटून, खुर्चीवर उचलून राजा म्हणून मिरवले. ती गुंडाळी नाझींच्या आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेली आहे, असे तिथे सांगण्यात आले. आमच्यात हाताने लिहिलेल्या त्या चर्मपत्राला उघड्या हाताने स्पर्शही करत नाहीत, वाचताना दर्शक कांडी वापरतात. लाँग यांनी नंतर यहुदी समाजाची माफी मागितली, हे नोंदवले पाहिजे.

पण एवढेच असते तर मी पत्र लिहिले नसते. मला खरे दुखते ते सेदरमध्ये. ओळखीच्या एका मंडळीने मला आग्रहाने बोलावले होते. माणसे प्रेमळ, स्वागत मनापासूनचे. टेबलावर पाकिटातले मात्झा, म्हणजे वल्हांडणाच्या बेखमीर भाकऱ्या, ठेवले होते. उपदेशकांनी एक मात्झा उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हे पट्टे बघा, हे येशूच्या पाठीवरचे फटके; ही छिद्रे बघा, हे खिळ्यांचे घाव; तीन मात्झा म्हणजे त्रैक्य, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा; मधला मोडून लपवायचा आणि पुन्हा काढायचा, म्हणजे मरण आणि पुनरुत्थान. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळुवारपणे विचारले, “तुम्हाला हे कधी कोणी सांगितलंच नाही का?”

मात्झाला छिद्रे पाडतात ती पीठ फुगू नये म्हणून. पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत तो भाजून व्हावा लागतो. आणि ते सरळ पट्टे कारखान्यातल्या यंत्राचे आहेत. मात्झा लाटायचे पहिले यंत्र फ्रान्समध्ये १८३८ साली निघाले. माझी आजी हाताने लाटायची ते मात्झा गोल आणि ओबडधोबड असत, त्यांवर पट्टे कुठले? पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादामध्ये, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीत, साडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दाखवल्या आहेत. कोकणातल्या आमच्या घरांत द्राक्षासवाऐवजी काळ्या मनुका भिजवून सरबत करत आणि मुलांना मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटल्याची गोष्ट मराठीत सांगत. त्या गोष्टीत काही दडलेले नव्हते. गुलामीतून सुटका, हाच तिचा अर्थ, आणि तो आम्हाला पुरतो. शिवाय आज मांडतात तसा सेदर येशूच्या काळी नव्हता. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर, यज्ञ थांबल्यावर, रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तो घडवला. तेव्हा ‘येशूने केला तसाच आम्ही करतो’ हे म्हणणेही टिकत नाही.

यहुद्यांना स्वतःच्याच धर्माचा अर्थ दिसत नाही, हा आरोप फार जुना आहे. स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलसाठी तेराव्या शतकात घडवलेला एक पुतळा आहे: डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री, मोडका भाला, हातातून निसटणाऱ्या नियमशास्त्राच्या पाट्या. तिचे नाव सिनागोगा, म्हणजे यहुदी धर्माचे रूप. ज्या युरोपने हा पुतळा घडवला, तिथेच वल्हांडणाच्या दिवसांत यहुद्यांवर ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचे रक्त वापरल्याचे आळ आले आणि माणसे मारली गेली. रशियन साम्राज्यातल्या किशिनेवमधली यहुद्यांची कत्तल १९०३ साली सुरू झाली तीही ईस्टरच्याच दिवशी. मला निमंत्रण देणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नव्हते, याची मला खात्री आहे. पण ‘तुम्हाला अर्थ कळलाच नाही’ हे वाक्य तेच होते.

यावर कोणी विचारेल की तुम्ही बेने इस्राएल लोकांनी शेजाऱ्यांकडून काहीच घेतले नाही का? घेतले, भरपूर घेतले. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने आम्ही मलिदा करतो, त्यातले पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचे ताट अस्सल कोकणातले. आमच्या बायका मंगळसूत्र घालतात, लग्नात मेंदी असते. ख्रिस्ती मिशनचेही ऋण आहे: मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते १८३२ साली, आणि मिशनच्या शाळांत आमच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. मात्र कोकणातल्या कुठल्याही घरात जाऊन आम्ही कधी म्हटले नाही, की तुमच्या नैवेद्याचा खरा अर्थ तुम्हाला उमगलेलाच नाही, तो आमच्याकडून ऐका.

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे की सेदर करायचा तर त्याचे मूळ विधी जसेच्या तसे राखावेत, शेवटी नव्या करारातले वाचन जोडून त्याला ‘बाप्तिस्मा’ देणे चूक आहे. आपल्याकडच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी, पंथ कोणताही असो, आपल्या मंडळींना निदान एवढे सांगावे. माझे तर म्हणणे आहे की सेदर मांडूच नये. येशूच्या यहुदीपणाबद्दल खरेच कुतूहल असेल तर ठाण्यात, मुंबईत, पुण्यात, पनवेलला, अलिबागला सिनेगॉग, म्हणजे आमची प्रार्थनामंदिरे, आहेत. मुंबईतल्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावरील २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे आधी कळवावे लागते आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. आत आल्यावर डोके झाकायला टोपी मिळते. प्रार्थना हिब्रूत असते, पण शेजारी बसलेला माणूस विचाराल ते मराठीत समजावून सांगेल.

आपला,
एक बेने इस्राएल वाचक, ठाणे