बेकरीच्या चाचांना आभाराचे पत्र

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने मेच्या अखेरीस अंबाजोगाईच्या आमच्या घरी लेकी, जावई आणि भाचरे मिळून चाळीस माणसे जमली होती. त्यांच्यासाठी केसर आंब्याचे सारण भरलेली बिस्किटे करण्याची माझी हौस तुमच्यामुळे पार पडली, म्हणून हे पत्र.

पहिली खेप मी घरीच, कुकरमध्ये मीठ तापवून भाजली होती. त्यातली चार बिस्किटे कागदात गुंडाळून तुमच्याकडे आणली, तेव्हा सारण बाहेर येऊन करपले होते आणि कवच पापडासारखे पसरले होते. तुम्ही हसला नाहीत. एक बिस्कीट मोडून सारण चिमटीत ताणून पाहिलेत आणि म्हणालात, "ताई, रसात पाणी आहे अजून." रस मी नुसता घट्ट दिसेपर्यंत आटवला होता, भट्टीच्या आचेने उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती बिस्कीट फोडूनच बाहेर पडते, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दोन किलो रस, ताटली तिरकी केली तरी थेंब ओघळणार नाही आणि त्याच्या कडेला पाणी सुटणार नाही इतका आटवला, तेव्हा कुठे त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळता आल्या.

सोडाही तुम्हीच काढायला लावलात. वरचा तडा ही नानकटाईची शोभा असली, तरी सारणाच्या बिस्किटाला तडा गेला की ती गळकी घागर, असे तुमचे म्हणणे होते. दोन किलो मैद्याला एक किलो तूप ठेवून पिठीसाखर तेवढी ७०० ग्रॅमवर आणलीत, आणि ४२ अंशांच्या उन्हात तूप पातळ होते म्हणून पीठ पहाटेच मळायला सांगितलेत.

त्या दिवशी साडेपाचला पाव निघाले होते. तुम्ही भट्टीत कागदाचा तुकडा टाकलात. तो काळा पडला. थोड्या वेळाने दुसरा टाकलात, तोही काळा पडला. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. तिसरा कागद तांबूस झाला, तेव्हाच ट्रे आत गेले. दीडशेच्या वर बिस्किटे निघाली आणि फुटली फक्त सहा.

पुण्याच्या आमच्या दाजींना हापूसचा भारी अभिमान. मराठवाड्याच्या केसरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी त्यांना दरवर्षी ऐकवते. यंदा काही न बोलता बशी पुढे केली आणि त्यांनी ती रिकामी केली. अधिकाच्या वाणाला मात्र जाळीदार पदार्थच लागतो, अशी आत्याबाईंनी हरकत घेतल्याने वाण अनारशांचेच दिले. (माझी पहिली खेप त्यांच्या नियमात अगदी चपखल बसली असती.)

भाजणावळ तुम्ही घेतलीत, पण पहाटेच्या त्या अर्ध्या तासाचा हिशेब माझ्याकडे बाकीच आहे. तुमचे तीन ट्रे घासून ठेवले आहेत. उद्या पाव निघण्याच्या वेळी घेऊन येते. त्यातल्या एका ट्रेवर चाचींसाठी झाकून ठेवलेली बारा बिस्किटे असतील.

आपली,
केसरवाली ताई