रंगाला शेवटी हात लाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मामांच्या ट्रंकेतून निघालेल्या मॉडेल रेल्वेचं ते वाफेचं इंजिन आणि तीन डबे मी भिंग घेऊन पाहत बसलो होतो. फार सुरेख ऐवज तुझ्या हाती आलाय. पण तू लिहितोस, "आधी सगळा रंग खरवडून काढतो, नवा मारतो आणि मग चालतंय का बघतो." हे अगदी उलट कर, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी ते चालू दे. नवा रंग दिलेलं इंजिन दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा उघडायचं म्हणजे बोटांचे डाग आणि स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आलेच.

सोबतच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर तू 16.5 मिमी लिहिलंयस. म्हणजे मॉडेल एचओ असेल किंवा ओओ. ही मॉडेलच्या प्रमाणांची नावं: एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87, ओओ 1:76, रूळ मात्र दोन्हींना एकच. ब्रिटनमधली खरी इंजिनंच अंगाने लहान, त्यामुळे 1:87मध्ये त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावत नव्हत्या. म्हणून तिकडे वरचा सांगाडा मोठा केला आणि रूळ तसेच ठेवले. डब्याच्या दाराची उंची मोज. खरं दार 1.9 मीटरचं धरलं तर एचओमध्ये ते 22 मिमीच्या आसपास भरेल, ओओमध्ये 25. सुटे भाग मागवायच्या आधी हे नक्की व्हायला हवं.

मग इंजिनाचा ओतीव सांगाडा नीट तपास. जुनी ओतकामं जस्ताच्या मिश्रधातूची असत. त्यात शिसं मिसळलेलं राहिलं असेल, तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगत जातो, त्याला तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. त्यावर इलाज नाही, भाग बदलावाच लागतो. फोटोत पुढच्या बफरजवळ, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल तबकडीजवळ, मला एक बारीक रेघ दिसतेय. ती रंगाची आहे की तड्याची, ते नख फिरवून बघ.

मोटर उघडशील तेव्हा आर्मेचर, म्हणजे आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर काढू नकोस. जुन्या मोटरींच्या चुंबकाचा जोर त्यामुळे कमी होतो. आहे तिथेच कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, पूस. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची काळी भुकटी साचलेली असते, ती लाकडी टूथपिकने काढ, धातूची सुई घालू नकोस. गिअरमधलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं असेल, ते पूर्ण साफ करून नवं अगदी थोडं लाव. तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच पुरे. जास्त झालेलं तेल चाकांवर उतरतं, तिथून रुळांवर, आणि मग गाडी अडखळायला लागते.

यानंतर मोटर सोडवून इंजिन काचेवर हाताने हळू ढकल. एका बाजूच्या चाकाची खुंटी (जिला चाकं जोडणारा दांडा अडकवलेला असतो) वर असते तेव्हा त्याच आसावरची दुसऱ्या बाजूची पाव फेरा पुढे किंवा मागे असते, आणि हा 90 अंशांचा फरक सगळ्या जोडचाकांत सारखा लागतो. एक जरी चाक आसावर सरकलं असेल, तर दांडे प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकतील. मोटर कितीही चांगली असली तरी असं इंजिन लंगडतच चालणार.

आता रंग. जुना काढायला प्लास्टिकवर आयसोप्रोपिल चालतं, तरी आधी आतल्या बाजूला थेंब टाकून खात्री कर. मग साबणाच्या पाण्याने धू, आणि त्यानंतर नुसत्या बोटांनी शिवू नकोस. प्राइमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ हात दिल्यावरच खड्डे दिसतील. तिथे लांबी (पुट्टी) भर आणि बारीक पॉलिश पेपरने घास. डब्याला दोन रंग द्यायचेत ना? फिकट आधी. तो पूर्ण वाळला की मास्किंग टेप लाव आणि टेपच्या कडेवर पुन्हा त्याच फिकट रंगाचा एक हात मार. टेपखाली झिरपायचं ते तेच झिरपतं, आणि वरून दिलेल्या गडद रंगाची कड ब्लेडने कापल्यासारखी येते. इंजिनाला निखळ काळा देऊ नकोस. एवढ्या लहान आकारात तो सगळे रिव्हेट आणि पाइप गिळून टाकतो. गडद करडा जास्त खरा वाटतो. अक्षरांचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, चकचकीत वॉर्निशवर बसव, मॅट वॉर्निश त्याच्यावर. खिडक्यांच्या काचा सुपरग्लूने चिकटवू नकोस, त्याच्या वाफेने त्या पांढुरक्या होतात.

तिसऱ्या डब्याविषयी वेगळं सांगायचंय. त्यावरच्या पिवळ्या रेघा छापील नाहीत, सुहास. रुलिंग पेनने, म्हणजे दोन पात्यांमध्ये रंग भरून रेघा मारायच्या पेनने, ओढलेल्या आहेत. खिडक्यांच्या खालची रेघ सुरुवातीला किंचित जाड आहे, दाराच्या मुठीपाशी पेन उचलून पुन्हा टेकवलाय. हे मामांच्या हातचं काम असणार. त्या डब्याला रंग काढणारं काहीही लावू नकोस. मऊ ब्रशने धूळ काढ, चाकं साफ कर, कपलिंग (डबे जोडायचा आकडा) बदल, बस. बाकीचे दोन डबे नवे दिसले आणि हा जुना, तरी बिघडत नाही. खऱ्या गाड्यांतही कारखान्यातून नुकता आलेला डबा आणि मळलेला डबा शेजारी शेजारी असतातच.

दाराची उंची, बफरजवळची ती रेघ आणि चाकांचा व्यास एवढं लिहून कळव. चाकं बदलावी लागली तर कुठली बसतील ते मी बघून ठेवतो.

तुझा,
अविनाश