अभिभाषण नेमके कोणाचे?

महोदय,

ट्रम्प यांचे दुसऱ्या कारकिर्दीतले अमेरिकी काँग्रेससमोरचे पहिले भाषण ४ मार्च २०२५ रोजी झाले. आपल्याकडे तेव्हा ५ तारखेची सकाळ, पोदेर पाव देऊन गेल्यानंतरची. सुमारे शंभर मिनिटे ते बोलले. आवडो न आवडो, भाषण त्यांचे स्वतःचे होते.

आपल्याकडे तसे नाही. राष्ट्रपती मुर्मू यांचे ३१ जानेवारी २०२३ चे संसदेतील पहिले अभिभाषण घ्या किंवा वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात पर्वरीला गोवा विधानसभेत राज्यपाल वाचतात ते, मजकूर मंत्रिमंडळाचाच. म्हणून राज्यपालांच्या उच्चारांवर चर्चा करणे मला पोरकटपणाचे वाटते. घटनेच्या अनुच्छेद १७६ मध्ये या भाषणावर चर्चेसाठी वेळ राखण्याची तरतूद आहे. तो वेळ आमदारांनी आभार मानण्यात किंवा सभात्यागात घालवू नये. म्हादई नदी, खाणी, नोकऱ्या यांविषयी गेल्या वर्षी काय वाचले गेले, ते समोर ठेवून मंत्र्यांना विचारावे. वृत्तपत्रांनीही दोन्ही वर्षांचे उतारे शेजारी शेजारी छापावेत. आपण सुरुवात कराल का?

– एक वाचक, म्हापसा