पाहणीला जायचे तर मार्चमध्ये जा

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर थायलंडमध्ये जाऊन राहण्याचा विचार आता मराठी मध्यमवर्गीय घरांतही होऊ लागला आहे. मात्र त्यासाठी आधी करायची पाहणी फार वरवर होते. जोडपी डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवस जातात, हॉटेलात उतरतात, हवा आणि स्वच्छता पाहून हरखतात आणि परतल्यावर घर विकण्याची भाषा सुरू होते. डिसेंबर हा तिथला सर्वांत सुखाचा काळ. त्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये.

उत्तरेकडचे चियांग माई शहर पाहायचे असेल तर मार्चमध्ये जा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंडमध्ये आणि सीमेपलीकडेही शेतातला पालापाचोळा जाळतात, जंगलात वणवे लागतात. शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात असल्याने धूर तिथेच कोंडून राहतो आणि समोरचा डोंगर दिसेनासा होतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी हे आठवडे स्वतः अनुभवल्याशिवाय होकार देऊ नये. फुकेतला पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो. को समुई दुसऱ्या किनाऱ्यावर, तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. एकाच फेरीत दोन्ही बेटे पाहून तुलना करणारे इथेच फसतात.

किमान एक महिना राहावे आणि तेही महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या घरात. वर्षाच्या करारात सहसा दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे भाडे आगाऊ मागतात. भाड्यापेक्षा विजेचा दर आधी विचारा. सरकारी दर युनिटला चार बाथच्या (बाथ हे थायलंडचे चलन) आसपास असतो, पण कित्येक इमारतींचे मालक सात-आठ बाथ लावतात आणि दिवसभर एसी चालला की बिल पाहून धक्का बसतो. घरमालक ‘टीएम ३०’, म्हणजे परदेशी भाडेकरू आपल्या घरात राहत असल्याची इमिग्रेशनकडची नोंद, करतो का, हेही विचारून घ्या. कायद्याने ती २४ तासांत व्हायला हवी. ती नसेल तर पुढे इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचीच कामे अडतात.

शाकाहारींनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि दुरून इंग्रजी १७ सारखा दिसतो. या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, कांदा-लसूणही नसतो. बाकी ठिकाणी नुसते ‘मांस नको’ म्हटले तर भाजीत माशांचा सॉस पडतोच.

आता पैशांचे. वय ५० पूर्ण हवे. थायलंडमध्येच निवृत्त म्हणून राहण्याची वार्षिक मुदतवाढ घ्यायची तर तिथल्या बँकेत स्वतःच्या नावे ८ लाख बाथ, म्हणजे वीस लाखांहून जास्त रुपये, किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. ठेवीची रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवायची नाही. नंतरही ती ४ लाखांखाली जाता कामा नये. त्यामुळे हे पैसे खर्चाला आहेत असे कोणी धरू नये, ते अडकलेलेच समजा. पर्यटक म्हणून गेलेल्याला खाते उघडून देणारी शाखा सहज सापडत नाही. पाहणीतच दोन-तीन शाखांत चौकशी करावी. रक्कम परदेशातून आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा. भारतातून पाठवताना आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर हातची रक्कम कमी पडते. मुदतवाढ मिळाल्यावर नातवंडांना भेटायला भारतात यायचे असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट, म्हणजे पुन्हा प्रवेशाचा परवाना, काढावेच लागते. ते नसेल तर विमानात बसताच मुदतवाढ रद्द होते.

भारतातूनच निवृत्तांसाठीचा ‘ओ-ए’ व्हिसा घेणाऱ्यांना ३० लाख बाथचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. थायलंडमध्ये मुदतवाढ घेण्याच्या वर सांगितलेल्या मार्गात सक्ती नाही, म्हणून लोक विमा टाळतात. हा निर्णय घातक आहे. मोठी खासगी रुग्णालये उत्तम आहेत, पण भारताच्या तुलनेत महाग. आणि सत्तरीनंतर नवा विमा मिळणे अवघड होत जाते. पाहणीत एका रुग्णालयात जाऊन गुडघा बदलणे, मोतीबिंदू आणि अतिदक्षता विभागातला एक दिवस यांचे लेखी दर घ्या. रोजच्या गोळ्यांची घटकनावे दाखवून त्या तिथे मिळतात का पाहा. आपला भारतातला विमा बंद करू नका. परत यावे लागले तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वर्षात १८० दिवस राहिलात की थायलंडचे करनिवासी ठरता आणि २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावरही कराचा प्रश्न येतो. हे जाणत्या सनदी लेखापालाकडून आधीच तपासून घ्यावे.

घर विकत घेण्याची घाई नको. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेण्याचा सल्ला देणाऱ्या दलालापासून दूर राहा. ते बेकायदा आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पत्नीचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी अर्ज पतीच्या नावे आणि पत्नी अवलंबित. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे जुन्या लग्नांची नोंदच नसते, लग्नपत्रिका आणि फोटो तिथे चालत नाहीत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या, दोघांची नावे पासपोर्टप्रमाणे तंतोतंत आहेत ना ते पाहा. पतीचे निधन झाले तर त्याच्या आधारावरची तिची परवानगी टिकत नाही आणि त्याच्या खात्यातले पैसे न्यायालयाने वारसा मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत मिळत नाहीत. एकाच वेळी दोन्ही. म्हणून पत्नीचेही वय ५० च्या पुढे असेल आणि ऐपत असेल तर तिच्या नावे वेगळे ८ लाख बाथ ठेवून तिचा अर्ज स्वतंत्रच करावा. तिथल्या मालमत्तेपुरते थाई भाषेतले मृत्युपत्र पहिल्याच वर्षी करावे आणि त्याची प्रत भारतातल्या मुलांकडे द्यावी.

– एक वाचक, डोंबिवली